प्रमाणित प्रत, पण कोणाची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



बँकेतल्या माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकूण किती शिक्के मारले असतील, याचा हिशेब मला देता यायचा नाही. त्यातला एक शिक्का मात्र माझा आवडता होता. 'मूळ कागदपत्र पाहून पडताळले.' ग्राहकानं पॅन कार्डाची, रेशन कार्डाची झेरॉक्स पुढे करायची, मी मूळ कार्ड मागायचं, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं आणि मग शिक्का. खाली सही, तारीख. माझ्या सहीनं झेरॉक्सचा कागद खरा होतो, अशी एक समजूत माझ्या मनात घर करून होती. ती समजूत माझ्या लेकीच्या लग्नानंतर चार महिन्यांत पार धुऊन निघाली. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे, कारण नागपुरातल्या पुष्कळ घरांत आज ना उद्या हाच प्रसंग येणार आहे.

लेकीचं लग्न डिसेंबर २०२१ मध्ये झालं. जावई न्यू जर्सीत, एच-१बी व्हिसावर नोकरीला. सुटी संपली, तो जानेवारीत परत गेला. लेक इथेच राहिली. तिचा एच-४ व्हिसा व्हायचा होता आणि करोनानंतरच्या त्या दिवसांत मुलाखतीची तारीख मिळणं म्हणजे मोठं दिव्य होतं. ती एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कंत्राटी पद्धतीनं शिकवत होती. म्हटलं, शिकवू दे, तारीख येईल तेव्हा येईल.

फेब्रुवारीत जावयाचा फोन आला. "बाबा, हिच्या पासपोर्टची सर्टिफाइड कॉपी लागेल. टॅक्स आम्हाला जॉइंट भरायचा आहे."

मी म्हटलं, "एवढंच ना? संध्याकाळपर्यंत होते."

आता हा 'जॉइंट टॅक्स' काय प्रकार आहे, ते आधी सांगतो. आपल्याकडे नवराबायकोचं खातं जॉइंट असतं, घराचं कर्ज जॉइंट असतं, पण प्राप्तिकराचं विवरणपत्र ज्याचं त्याचं. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा. हिंदू अविभक्त कुटुंबाचं विवरणपत्र निघतं, पण तो प्रकार निराळा. याला अपवाद आपल्या शेजारी गोव्याचा. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला, त्यात पतीपत्नीची मालमत्ता सामाईक मानतात. म्हणून १९६१ च्या आपल्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घातलेलं होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न तिथे दोघांत निम्मं निम्मं धरायचं. पण तिथेही विवरणपत्रं दोन. एकाच कागदावर दोघांनी सह्या करायच्या, ही पद्धत आपल्याला परिचयाची नाही.

अमेरिकेत ती आहे. तिथे विवाहित माणसाला दोन वाटा असतात. एकतर दोघांनी मिळून एक विवरणपत्र भरायचं किंवा विवाहित असूनही वेगवेगळं. आणि विवाहित कोण, हे ३१ डिसेंबरला ठरतं. त्या दिवशी लग्न झालेलं असेल, तर संपूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित. आमच्याकडे लग्न डिसेंबरमध्ये झालं, म्हणजे २०२१ च्या कराला जावई वर्षभर विवाहित ठरला.

यात फरक किती पडतो? २०२१ साली सरसकट मिळणारी वजावट वेगळं भरणाऱ्याला १२,५५० डॉलर होती आणि एकत्र भरणाऱ्यांना २५,१०० डॉलर. कराचे टप्पेही एकत्र भरणाऱ्यांना जवळजवळ दुप्पट रुंद. उदाहरणासाठी वर्षाचा पगार ९०,००० डॉलर धरा आणि पत्नीचं उत्पन्न सध्या बाजूला ठेवा. वेगळं भरलं तर केंद्राचा कर सुमारे १२,८०० डॉलर होतो. एकत्र भरलं तर ७,४०० च्या आत. म्हणजे पाच हजारांवर डॉलरचा फरक, तेव्हाच्या भावानं चार लाख रुपयांच्या वर. नव्यानं संसार मांडणाऱ्या पोरांना ही रक्कम लहान नाही.

पण अडचण अशी की पत्नी अमेरिकेत राहत नसेल, तर त्यांच्या कायद्यानं ती 'अनिवासी परकी व्यक्ती'. तिच्यासोबत एकत्र विवरणपत्र भरायचं, तर दोघांनी सही करून लिहून द्यायचं की आम्ही हिला करापुरतं रहिवासी धरायला तयार आहोत. आणि तिला क्रमांक हवा. नोकरी करणाऱ्यांचा सोशल सिक्युरिटी क्रमांक तिला मिळणार नाही, म्हणून करापुरता वेगळा क्रमांक, आयटीआयएन. नऊ आकडी असतो, ९ नं सुरू होतो, १९९६ पासून देतात. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म डब्ल्यू-७. त्या अर्जात कारणाचे चौकोन आहेत, त्यात लेकीच्या चौकोनावर खूण करताना जावयानं मला वाचून दाखवलं. माझी लेक धरमपेठेत जन्मली, इथेच शिकली, इथेच पोळ्याला लाकडी बैल ओढत फिरली. ती आता कागदावर परदेशी पत्नी झाली होती. परदेशी म्हणजे दुसरं कोणी, असं आपण धरून चालतो. त्यांच्या बाजूनं पाहिलं, तर परदेशी आपणच.

असो. तर सर्टिफाइड कॉपी.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा २००६ साली शिकागोला गेला. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, काहीच नाही. नोटरीची सही घ्या न् पाठवून द्या. आमच्या सुनेचं तसंच केलं होतं." अनुभवी माणसाचा सल्ला. मी स्कूटर काढली, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या परिसरात गेलो. नोटरी वकिलांनी मूळ पासपोर्ट पाहिला, रजिस्टरमध्ये नोंद केली, शिक्का, तिकीट, सही, सगळं व्यवस्थित. म्हणाले, "काका, एकच प्रत काहून? दोन-तीन करून ठेवा, कामात येतात." मी तीन केल्या.

घरी येऊन फोटो काढून जावयाला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या करसल्लागाराचं उत्तर आलं. नोटरीची प्रत चालत नाही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? नोटरी हा सरकारनं नेमलेला माणूस. पण नियम वाचल्यावर कळलं की गल्लीतले गृहस्थही खोटं बोलले नव्हते. २०१२ च्या जूनपर्यंत नोटरीनं साक्षांकित केलेली प्रत तिथला करविभाग, म्हणजे आयआरएस, स्वीकारत होता. बनावट अर्जांना आळा घालायचा म्हणून त्या महिन्यापासून ते बंद केलं. त्यांचा अनुभव खरा होता, पण त्याला पंधरा वर्षं झाली होती. परदेशाच्या कागदपत्रांबाबत आपली अर्धी धावपळ अशा जुन्या खऱ्या सल्ल्यांमुळे होते.

मग 'सर्टिफाइड' म्हणजे त्यांना काय हवं होतं? तर ज्या कार्यालयानं मूळ कागद दिला, त्याच कार्यालयानं 'ही आमच्या दप्तरातल्या कागदाची खरी प्रत आहे' असं शिक्क्यानिशी लिहून दिलेली प्रत.

इथे आपला आणि त्यांचा विचार वेगळा पडतो. आपल्याकडे प्रत खरी आहे हे कोणीतरी प्रतिष्ठित माणसानं सांगायचं, अशी इंग्रजांच्या काळापासूनची रीत. राजपत्रित अधिकारी, मुख्याध्यापक, नोटरी, आणि बँकेत आमच्यासारखे. माझ्या लहानपणी 'ट्रू कॉपी'वर सही घ्यायला वडील मला एका डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर न्यायचे आणि आम्ही व्हरांड्यात तासभर बसून राहायचो. पुढे ती रीत सैल होत गेली. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली स्वयंसाक्षांकन लागू केलं. म्हणजे बऱ्याच कामांना आता आपणच आपल्या झेरॉक्सवर सही करायची, मूळ कागद मागतील तेव्हा दाखवायचा. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, उत्तम झालं. पण आपण एका टोकाला 'माझी सही पुरे' इथवर आलो, तेव्हा तिकडे ते दुसऱ्या टोकाला गेले होते. देणाऱ्याशिवाय कोणाचीच सही नको. शब्द दोन्हीकडे एकच, प्रमाणित प्रत. अर्थ मात्र निरनिराळे.

बरं, पासपोर्ट देणारं कार्यालय म्हणजे भारत सरकार. लेक अमेरिकेत असती, तर तिथल्या भारतीय वकिलातीकडून पासपोर्टची साक्षांकित प्रत मिळवता आली असती. तिथली आपली मुलं याच कामासाठी ती घेतात. पण लेक नागपुरात. पासपोर्ट सेवेच्या यादीत नवा पासपोर्ट, नूतनीकरण, पोलिस क्लिअरन्स वगैरे दिसलं, पण अशी प्रत मला काही दिसली नाही. मी एकदोन ठिकाणी तोंडी विचारलंही. प्रश्न ऐकून समोरचा माणूस गोंधळात पडायचा. "मूळ पासपोर्ट तुमच्याचजवळ आहे ना? मग आमची प्रत काय करता?" त्याचंही काही चुकत नव्हतं.

राहिले आणखी दोन-तीन मार्ग. डब्ल्यू-७ च्या सूचनापत्रकात लिहिलं आहे की परदेशातल्या अमेरिकन वकिलातींत अशी सेवा मिळू शकते, पण सगळीकडे सारखी नाही, तेव्हा आधी विचारा. दुसरा मार्ग सगळ्यांत सरळ. मूळ पासपोर्टच अर्जासोबत टेक्सास राज्यात ऑस्टिनला पाठवून द्यायचा. ते बघतात आणि टपालानं परत करतात. सोबत आगाऊ पैसे भरलेलं कुरिअरचं पाकीट ठेवलं, तर त्यातून पाठवतात.

जावई म्हणाला, "पाठवून देऊ, बाबा."

आणि त्याच आठवड्यात लेकीला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली. मुंबई, मे महिना.

आता पासपोर्ट ऑस्टिनला पाठवला आणि मे महिन्यात तो तिकडेच अडकला, तर? करक्रमांकाच्या अर्जाला साधारण सात आठवडे सांगतात. हंगामात किंवा परदेशातून अर्ज केला, तर नऊ ते अकरा. शिवाय करोनामुळे त्या वर्षी सगळीच कामं रेंगाळलेली. मुलाखत हुकली, तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. एका पारड्यात चार लाख रुपये आणि दुसऱ्यात पोरीचा संसार. त्या दोन रात्री आमच्या घरात कोणी नीट झोपलं नाही. सौभाग्यवतींनी निकाल दिला, "पैसे गेले तर गेले. पासपोर्ट घराबाहेर जाणार नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आणि नंतर कळलं की पैसे जाण्याचीही गरज नव्हती. ही गोष्ट ज्यांच्या घरी असा पेच असेल, त्यांनी लिहून ठेवावी. मुदतीत विवाहित पण वेगळं असं विवरणपत्र भरून टाकता येतं. पत्नीला क्रमांक नाही आणि तिला तो घेणं बंधनकारकही नाही, अशा वेळी त्या जागी ती अनिवासी असल्याचं लिहायचं. मग तीन वर्षांच्या आत दुरुस्तीचं विवरणपत्र देऊन ते एकत्र करून घेता येतं आणि जास्तीचा कर परत मागता येतो. उलट मात्र होत नाही. एकदा एकत्र भरलं आणि मुदत उलटली, की ते सोडवून वेगळं करता येत नाही. याशिवाय मुदतवाढीचाही अर्ज असतो, फॉर्म ४८६८. त्यानं एप्रिलऐवजी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळ मिळतो. फक्त कागद भरायला वेळ मिळतो, कर भरायला नाही. पैसे एप्रिलमध्येच भरावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. जावयानं मुदतवाढ घेतली आणि आम्ही श्वास सोडला.

तिसरा मार्ग करसल्लागारानंच सांगितला. आयआरएसनं स्वतः करार करून नेमलेले काही लोक असतात, प्रमाणन करणारे स्वीकृती एजंट. त्यांची देशवार यादी प्रसिद्ध होते, त्यात भारतातलेही असतात. ते मूळ पासपोर्ट प्रत्यक्ष पाहतात, अर्जदाराची मुलाखत घेतात आणि 'मी मूळ पाहिलं, ते खरं आहे' असं प्रमाणपत्र अर्जाला जोडतात. पासपोर्ट तुमचा तुमच्याजवळच राहतो. म्हणजे माझंच काम, 'मूळ कागदपत्र पाहून पडताळले.' फरक एवढाच की त्यांच्या शिक्क्यावर ऑस्टिनचा विश्वास होता, माझ्या शिक्क्यावर नव्हता.

असे एक गृहस्थ मुंबईत सापडले. व्हिसाच्या मुलाखतीसाठी जायचंच होतं, त्याच फेरीत त्यांचीही वेळ घेतली. दुरंतोनं रात्री निघालो, सकाळी मुंबई. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे. तरुण चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला, पान अन् पान उलटलं, उजेडाकडे धरून पाहिलं, फोटो आणि लेकीचा चेहरा दोनदा ताडून पाहिला. मी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर गुण दिले. पण मग त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "हे नाव कोणाचं?"

आता नावाची गोष्ट. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. लेकीचंही नवं नाव लिहिलं होतं. हौसेची गोष्ट, कोणाची हरकत नव्हती. पण जावयानं प्रेमानं डब्ल्यू-७ वर तेच नाव टाकलं होतं, सासरच्या आडनावासकट. पासपोर्टावर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. त्या अर्जात नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहायचं असतं, जन्मनाव वेगळं असेल तर त्याला खाली निराळी ओळ आहे. महाविद्यालयाच्या पगारपत्रकावर तिसरंच स्पेलिंग. म्हणजे एका मुलीच्या तीन मुली झालेल्या.

नशिबानं फॉर्म कोरा मिळाला. तिथेच बसून नवा भरला, पासपोर्टाबरहुकूम, आणि लेकीनं सही केली. सज्ञान पत्नीच्या अर्जावर सही तिचीच लागते, नवऱ्यानं तिच्या वतीनं करून चालत नाही. मुलींच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदललंच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. तांदळातलं नाव तांदळात राहू द्या. बदलायचंच असेल, तर पासपोर्ट, पॅन, आधार, बँक सगळीकडे एकदमच बदला आणि परदेशातला एखादा अर्ज अर्धवट चालू असताना तर मुळीच बदलू नका.

दुसऱ्या दिवशी व्हिसाची मुलाखत पार पडली. अर्जाचा आणि विवरणपत्राचा गठ्ठा जूनमध्ये ऑस्टिनला गेला. त्यावेळी पहिल्या वर्षीचं असं विवरणपत्र कागदावरच पाठवावं लागलं. डब्ल्यू-७ वर, खाली विवरणपत्र, त्यावर दोघांच्या शाईच्या सह्या. लेकीनं नागपुरात सही केलेले कागद कुरिअरनं न्यू जर्सीला, तिथे जावयाची सही, मग टेक्सासला. क्रमांकाचं पत्र सप्टेंबरमध्ये आलं. तोवर लेक तिकडे पोचली होती. पत्रावर माहेरचंच नाव होतं.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. एकत्र विवरणपत्रात नुसता फायदा नसतो. त्या पर्यायावर सही केली, की पत्नीचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात येतं आणि तेही पूर्ण वर्षाचं, लग्नाआधीच्या महिन्यांसकट. लेकीचा नागपुरातला जानेवारीपासूनचा पगार, मुदत ठेवीचं व्याज, सगळं. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे फॉर्म १६ काही कामाचा नव्हता. शेवटी पासबुक घेऊन मी महिनावार हिशेब मांडला, एवढं एक काम मात्र बँकेच्या नोकरीतलं उपयोगी पडलं. भारतात भरलेल्या कराचं श्रेय तिकडे मिळू शकतं, पण आपल्याकडे ज्यावर कर नाही त्यावर तिकडे असू शकतो. भविष्य निर्वाह निधीच्या, पीपीएफच्या, व्याजाचं ठळक उदाहरण. मुलीच्या नावावर घराचं भाडं, शेअर, म्युच्युअल फंड असतील, तर आधी जाणकाराकडून दोन्ही बाजूंचा हिशेब करून घ्या. कधी वेगळं भरणंच स्वस्त पडतं.

आणखी दोन गोष्टी. एकत्र विवरणपत्रावरच्या कराला दोघंही पूर्ण जबाबदार असतात. नवऱ्यानं काही लपवलं, तर नोटीस बायकोलाही येऊ शकते. तेव्हा सही करण्यापूर्वी मुलीनं तो कागद वाचलाच पाहिजे, 'त्यांनी सांगितलं म्हणून केली' हे उत्तर चालत नाही. आणि हा पर्याय एकदा लेखी मागे घेतला, की त्या दोघांना तो पुन्हा कधी घेता येत नाही. करक्रमांकाचंही तसंच काहीसं. लागोपाठ तीन वर्षं विवरणपत्रात तो वापरला नाही, तर त्याची मुदत संपते.

आता अपॉस्टील. हा शब्द हल्ली झेरॉक्सच्या दुकानावरच्या पाट्यांवरसुद्धा दिसतो. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर लावायचं ते प्रमाणपत्र. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू झाला. मला एकानं सांगितलं होतं, लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टील केल्याशिवाय तुमचं काम होणार नाही, इतके हजार द्या. मी देणारच होतो. पण डब्ल्यू-७ ला पासपोर्ट एकटा पुरतो. त्यासोबत लग्नाचा दाखलाच लागत नाही, तर अपॉस्टील कुठून लागणार? आणि अपॉस्टील तरी काय सांगतं? कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे, एवढंच. आतला मजकूर खरा आहे, असं ते सांगत नाही.

म्हणून ते निरुपयोगी आहे, असंही नाही. उलट बाजूनं पाहा. एखाद्या मुलानं तिकडेच परदेशी मुलीशी लग्न केलं आणि तिच्यासाठी ओसीआय कार्ड हवं असेल, तर नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं आणि परदेशातल्या दाखल्याला अपॉस्टीलसारखं प्रमाणन लागतं. तिथे तो खर्च योग्य.

लग्नाचा दाखला मात्र प्रत्येकानं काढून ठेवाच. करासाठी नाही, पण व्हिसासाठी, बँकेसाठी, पुढच्या पन्नास कामांसाठी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं विवाहनोंदणी होते. नागपुरात महापालिकेच्या झोन कार्यालयात जायचं, सोबत तीन साक्षीदार आणि लग्नपत्रिका. लग्नापासून ९० दिवसांच्या आत गेलात तर उशिराचा दंड नाही. नवरामुलगा सुटी संपवून विमानात बसण्यापूर्वी हे काम उरका. मंगल कार्यालयाचा हिशेब मिटवायला जितकी घाई करता, तितकी इथे केली तरी पुरे.

श्रोतेहो, एवढ्या धावपळीतून मी एकच गोष्ट शिकलो. कोणी प्रमाणित प्रत मागितली, की झेरॉक्सच्या दुकानाकडे धावण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा. कोणी प्रमाणित केलेली? नोटरीनं, मी स्वतः, देणाऱ्या कार्यालयानं, की तुम्ही नेमलेल्या माणसानं? मागणाऱ्याकडून हे उत्तर लेखी घ्यायचं आणि ते कोणत्या वर्षाच्या नियमाप्रमाणे आहे, हेही बघायचं. या एका प्रश्नानं माझे तीन नोटरीचे खर्च, दोन रात्रींची झोप आणि गल्लीतल्या गृहस्थांशी धरलेला अबोला वाचला असता.

त्या तीन नोटरीच्या प्रती अजून माझ्या कपाटात आहेत. परवा दुसऱ्या गल्लीतले एक जण विचारायला आले होते, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, जावई डॅलसला. त्यांना मी त्या प्रती दाखवल्या आणि म्हटलं, "हे नाही चालत. बसा, चहा घ्या, काय चालतं ते सांगतो. पण तरी जावयाला एकदा ताजा नियम बघायला सांगा. माझ्या माहितीलाही आता काही वर्षं झाली."